कोकणातल्या अंगणात फुलणारे कॅक्टस: वाफा बांधण्यापासून दसऱ्यापर्यंत

दरवर्षी गणपती गेले की ओळखीतल्या कुणाचा ना कुणाचा फोन येतोच, की अगं तो गोल कॅक्टस आणला होता ना, वरून अगदी हिरवागार दिसत होता आणि आज सहज हात लावला तर बोट आत गेलं, नुसतं पाणी. मला खरंच वाईट वाटतं, कारण ते झाड जूनमध्येच मेलेलं असतं, आपल्याला कळतं सप्टेंबरात. आमचं घर गणपतीपुळ्याच्या अलीकडे, समुद्र दीड किलोमीटरवर, पाऊस वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर, आणि तरी गेली बारा वर्षं माझ्याकडे कॅक्टस उघड्या अंगणात फुलतायत. पहिल्या वर्षी मात्र अकराच्या अकरा गेले. ते का गेले हे समजलं तिथून सगळं बदललं म्हणून सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट. हल्ली ऑनलाईन 'थंडीत टिकणारे फुलांचे कॅक्टस' म्हणून बिया आणि कटिंग मिळतात, फोटो बघून कुणालाही मोह होईल. ती झाडं खोटी नसतात. ओपन्शिया फ्रॅजिलिस नावाचा छोटासा फड्या पार कॅनडापर्यंत रानात वाढतो, ओपन्शिया ह्युमिफ्युझा अमेरिकेच्या पूर्व भागात बर्फाखाली झोपतो आणि उन्हाळा लागला की पिवळीधमक फुलं देतो. पण ते उणे तापमानात जगतात कसे? थंडी लागायच्या आधी ते अंगातलं पाणी कमी करतात, सुरकुततात, जमिनीला टेकून लोळतात, आतला रस घट्ट होतो. आपला कोकमाचा आगळ फ्रीझरमध्ये ठेवला तर पाण्यासारखा दगड होत नाही ना, तसंच काहीसं. आणि तिकडच्या बागवाल्यांचीही झाडं बरेचदा थंडीपेक्षा थंडीतल्या ओलीनेच जातात, म्हणून ते हिवाळ्यात वर काच नाहीतर प्लॅस्टिक टाकतात. म्हणजे त्यांना जे छप्पर डिसेंबरात लागतं ते आपल्याला जूनमध्ये लागतं, एवढाच फरक. ती झाडं मात्र इकडे आणू नका, रत्नागिरीत जानेवारीच्या पहाटेही १८-१९ अंश असतात, त्यांना झोप लागत नाही आणि झोप नाही तर कळी नाही. त्यांची राखायची पद्धत घ्या, झाडं आपल्या हवेची घ्या.

झाड घेताना काय बघायचं

आपल्याकडे काटा दिसला की निवडुंगच म्हणतात, पण गडग्यावरचा शेर, साबर, त्रिधारी हे कॅक्टस नव्हेत, ते युफोर्बिया. मोडलं की पांढरा चीक येतो, डोळ्यात गेला तर फार त्रास होतो. कॅक्टसची खूण म्हणजे काटा ज्या जागेतून निघतो तिथे कापसासारखी बारीकशी गादी असते, काटे, फुलं, पिल्लं सगळं त्या गादीतूनच येतं. अडेनियमसुद्धा कॅक्टस नाही, ते सुंदर असतं पण वेगळं.

नर्सरीत गोल कॅक्टसच्या अगदी डोक्यावर कागदासारखं कोरडं रंगीत फूल असेल तर हळूच हलवून बघा, बऱ्याचदा ते गरम गोंदाने चिकटवलेलं असतं, आणि ते काढताना वाढीचा शेंडा सोलला जातो. दुसरं ते लाल-पिवळं डोकं असलेलं कलम. त्या डोक्यात हरितद्रव्य नसतं, ते खालच्या ड्रॅगन फ्रूटच्या खुंटावर जगतं आणि काही वर्षांत संपतं. लहान मुलांना आवडतं म्हणून घ्या, बागेसाठी नको.

कुंडी हातात घेऊन झाड बुडाशी दाबून बघा. घट्ट हवं. आणि कुंडीत नुसतं कोकोपीट असेल (बहुतेक असतंच) तर घरी आणून आठवडाभर कोरडं ठेवा, मग सगळं कोकोपीट मुळांपासून झाडून काढा. हे टाळलंत तर बाकी सगळं करूनही उपयोग नाही, कारण मुळांभोवतीचा तो ओला गोळा पावसाळ्यात सुकतच नाही.

जागा

माझे पहिले अकरा गेले ते पागोळ्यांखाली लावले म्हणून. दिवसभर ऊन होतं म्हणून ती जागा निवडली, पण पावसात कौलांचं सगळं पाणी त्याच रेषेत पडतं हे डोक्यातच आलं नाही. तर पागोळीच्या रेषेपासून निदान चार फूट लांब. आंब्या-फणसाखाली नको, पाऊस थांबला तरी तिथे तासभर थेंब टपकत राहतात, पानं कुजतात, शेवाळ धरतं. माडाखाली अजिबात नको, एक झावळी पडली तरी दहा वर्षांचं झाड जातं.

आपला पाऊस नैऋत्येकडून तिरका येतो, म्हणून नैऋत्येला घराची भिंत, गडगा किंवा गोठा आडोशाला असेल अशी पूर्वेची नाहीतर दक्षिण-पूर्वेची जागा सगळ्यात चांगली. सकाळचं ऊन चार-पाच तास मिळालं की पुष्कळ. सड्यावर घर असेल तर तुम्ही नशीबवान, कातळावर पाणी कुठे वाहतं आणि कुठे साचतं हे एका पावसात कळतं, वाहतं तिथे वाफा बांधा.

सासूबाईंचा सुरुवातीला आक्षेप होता, काटेरी झाड दारात नको म्हणून. मी वाफा पुढच्या खळ्यात न करता परसाच्या बाजूला केला, त्यांचाही मान राहिला आणि कुणाच्या पायाला काटाही लागत नाही. आता पाहुणे आले की परसात घेऊन त्याच जातात.

वाफा बांधणं

हा सगळा खटाटोप या एका कामावर उभा आहे, म्हणून इथे घाई करू नका. काम दिवाळीनंतर ते मार्चपर्यंत कधीही करा, पण एप्रिलच्या आत.

आठ फूट लांब आणि चार फूट रुंद पुरे, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो. जमीन खणून खड्डा करायचा नाही. कोकणात खड्डा म्हणजे विहीर. जमिनीच्या वरच जांभ्याच्या चिऱ्यांचे दोन थर रचायचे, दीड फुटाच्या आसपास उंची होते. खालच्या थरात सिमेंट भरू नका, दर दोन चिऱ्यांत बोटभर फट सोडा, पाणी तिथून निघतं. खालच्या जमिनीला एका बाजूला उतार द्या, मी पाटाने तो उतार माडाच्या आळ्याकडे काढलाय.

आत तळाला सहा इंच डबर, म्हणजे चिऱ्याचे मुठीएवढे तुकडे, फुटकी कौलं, काहीही. त्यावर बोटाच्या पेराएवढी खडी दोन इंच. मग वर मिक्स.

मिक्ससाठी माझं माप घमेल्याचं आहे. दोन घमेली काळ्या दगडाची बारीक खडी (साधारण तूरडाळीएवढी), दोन घमेली चिरेखाणीवरची कपची चाळून, एक घमेलं भाताच्या तुसाचा कोळसा, म्हणजे तूस अर्धवट जाळून वर पाणी मारून विझवलेला, आणि एक घमेलं जुनं, मातीसारखं झालेलं शेणखत किंवा पानांचं खत. जांभा वापरताना एक लक्षात ठेवा, त्याची लाल भुकटी भिजली की चिखल होते आणि सगळ्या फटी बंद करते. म्हणून कपची चाळणीत घेऊन पाण्याखाली धुवायची, पाणी विटकरी यायचं थांबेपर्यंत. कंटाळवाणं काम आहे, मी आणि मुलगी दोन संध्याकाळी बसून करतो, हात आठवडाभर लाल राहतात.

समुद्राची किंवा खाडीची वाळू घालू नका, मीठ असतं आणि ती फार बारीक असते. नदीची जाड वाळू मिळाली तर खडीच्या जागी चालेल, तीही धुऊन.

मिक्स झालं की थोडं ओलं करून मूठ आवळून बघा. मूठ उघडल्यावर गोळा राहिला तर अजून खडी घाला, भसकन सुटला तर बरोबर. मग वाफ्यावर एक बादली पाणी एकदम ओता. पाणी वर दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त तरंगत राहिलं तर झाडं लावू नका, पुन्हा मिक्स करा. मधला भाग कासवाच्या पाठीसारखा थोडा उंच ठेवा, शेवटी वर एक इंच खडीचा थर द्या म्हणजे झाडाची मान कोरडी राहते आणि पावसाचे शिंतोडे मातीसकट अंगावर उडत नाहीत.

कुठली झाडं

नवीन असाल तर एकिनोप्सिसपासून सुरुवात करा. दक्षिण ब्राझील, उरुग्वे, अर्जेंटिनाकडचं झाड, दमट हवा चालते, पिल्लं भरपूर देतं, आणि फूल असं की बघतच राहावं. अंगाच्या कडेला एका गादीवर आधी करडा केसाळ ठिपका दिसतो. पिल्लू की कळी हे ओळखायचं तर जवळून बघा, पिल्लाला सुरुवातीपासून बारीक काटे असतात, कळी मऊ केसांची आणि टोकदार असते. पुढे ती कळी वीतभर लांब नळी होते, एका संध्याकाळी फुगते आणि दिवेलागणीनंतर उघडते, पांढरी किंवा फिकट गुलाबी. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मान टाकते. कळी दिसल्यावर कुंडी फिरवू नका.

मेलोकॅक्टस माझा सगळ्यात लाडका. कॅरिबियन बेटं आणि ब्राझीलच्या बाजूचं झाड, उष्णता आणि खारा वारा याला चालतो, उलट थंडी सोसत नाही, म्हणजे आपल्यासाठीच केलेला. टर्क्स अँड केकॉस बेटांच्या नावातला 'टर्क' याच्याच एका जातीवरून आलाय, कारण डोक्यावरची लाल टोपी तुर्की टोपीसारखी दिसते. झाड वयात आलं की खालचं अंग वाढायचं थांबतं आणि वर लोकर आणि राठ केसांची टोपी वाढत जाते, त्यातून दुपारनंतर छोटी गुलाबी फुलं डोकावतात आणि मग मिरचीसारखी गुलाबी फळं बाहेर ढकलली जातात. मुळं हलवलेली याला खपत नाहीत, म्हणून एकदा लावला की लावला.

मॅमिलारिया आणि जिम्नोकॅलिशियम छपराखाली छान फुलतात. नोटोकॅक्टस आणि शेंगदाणा कॅक्टस यांना थोडा गारवा लागतो. दापोलीच्या बाजूला, जिथे थंडीत पारा १०-१२ पर्यंत उतरतो, तिथे जरूर लावा, अगदी किनाऱ्याला ते जगतात पण फूल कमी देतात. सेरियस, तो उंच खांबासारखा, एकदा उंच खडकाळ जागी रुजला की पावसालाही पुरून उरतो, माणसाच्या छातीएवढा झाल्यावर रात्री मोठी पांढरी फुलं येतात.

आणि ज्यांना छप्पर वगैरे जमणारच नाही त्यांच्यासाठी तीन झाडं. ब्रह्मकमळ, ड्रॅगन फ्रूट आणि पानांचा कॅक्टस म्हणजे पेरेस्किया. हे तिन्ही खरेखुरे कॅक्टस आहेत पण वाळवंटातले नाहीत, मेक्सिकोपासून ब्राझीलपर्यंतच्या उष्ण जंगलांतले, त्यामुळे आपला पाऊस त्यांना घरच्यासारखा. (हिमालयातलं खरं ब्रह्मकमळ वेगळं, आपण ज्याला म्हणतो ते एपिफायलम.) ब्रह्मकमळाचं जे पान वाटतं ते पान नसून चपटं खोड आहे, म्हणून तर त्याच्या कडेला कळी येते. वीतभर तुकडा कापा, पाच-सहा दिवस सावलीत सुकवा, मग नारळाच्या सोडणाचे तुकडे, पालापाचोळ्याचं खत आणि खडी यात लावा. सोडणं आधी तीन-चार पाण्यांत भिजवून तपकिरी रंग काढून टाका. कुंडी लहानच ठेवा, पूर्वेच्या भिंतीला सावलीत टांगा, दोन-तीन वर्षांत फुलतं. पावसाच्या दिवसात लोंबती कळी मान उचलून सरळ बघायला लागली की समजा दोन-तीन दिवसात रात्री जागायचंय.

लावणं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. हाताला जुना टॉवेल गुंडाळा किंवा वर्तमानपत्राची जाड पट्टी झाडाभोवती धरून उचला. मुळं झाडून मेलेली, काळी झालेली कात्रीने काढा आणि झाड चार दिवस पडवीत उघडं ठेवा, जखमा सुकतात. मग कोरड्या मिक्समध्ये लावा, आधी होतं त्यापेक्षा बोटभर वरच, खोल कधीच नाही. दोन झाडांत निदान एक वीत, हवा खेळली पाहिजे. पहिलं पाणी आठ-दहा दिवसांनी. नर्सरीत झाड सावलीत होतं तर पहिले दोन-तीन आठवडे वर हिरवं नेट टाका, एकदा ऊन लागून पडलेला पांढरट डाग जन्मभर राहतो.

छप्पर

शाकारणीची कामं जेव्हा चालतात तेव्हाच हेही करायचं, मिरगाची वाट बघायची नाही. मी २५ मेपर्यंत उरकते. चार कोपऱ्यांना जीआय पाईप किंवा जाड बांबू, नैऋत्येची बाजू साडेतीन फूट, समोरची पाच फूट, म्हणजे उतार वाऱ्याकडे होतो आणि तिरकी सर आत शिरत नाही. सगळीकडून छप्पर वाफ्याच्या दोन फूट बाहेर. वर पॉलीहाऊसचा पारदर्शक २०० मायक्रॉनचा कागद, किंवा पैसे असतील तर पॉलीकार्बोनेट. निळं मेणकापड नको, चार महिने अंधारात राहिलेला कॅक्टस शेंड्याकडे बारीक होत जातो आणि ती बारीक मान नंतर कधीच भरत नाही. बाजू चारही उघड्या. बंद केल्यात तर आत घाम धरतो आणि भुरा येतो.

वादळाचा इशारा आला तर कागद सोडून गुंडाळून ठेवा. ३ जून २०२० ला निसर्ग आलं आणि पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते, तेव्हापासून मी गाठी अशा मारते की दहा मिनिटांत सुटतात. ओलीने झाड एका दिवसात मरत नाही, पाईप अंगावर पडला तर मरतं. समुद्र जवळ असेल तर मे अखेरच्या खाऱ्या वाऱ्यानंतर एकदा सकाळी गोड्या पाण्याने झाडं धुऊन काढा, दिवसभरात सुकतात.

पाणी आणि खत

नोव्हेंबरात दहा-बारा दिवसांनी. डिसेंबर ते जानेवारीचा मध्य जवळजवळ बंद, तीन आठवड्यांनी घोटभर. आपल्याकडे थंडी पुरेशी नाही ना, मग निदान कोरड तरी द्यायची, त्यानेच कळ्या धरतात. फेब्रुवारीपासून आठवड्याला एकदा भरपूर, वाफ्याच्या फटींतून बाहेर येईपर्यंत. एप्रिल-मेमध्येही आठवड्यालाच, पण संध्याकाळी. कॅक्टस आपली रंध्रं रात्री उघडतात, दिवसा बंद ठेवतात, भर उन्हात तापलेल्या खडीवर ओतलेलं पाणी मुळांना नुसतं शिजवतं. वीस मेनंतर बंद. पावसाळ्यात छपराखाली पाणी घालायचंच नाही, हवेतच इतकी ओल असते, फक्त अगदी लहान रोपांना उघडीप पडली तर चमचाभर.

खत फार लागत नाही. ०:५२:३४ हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, नोव्हेंबरात एकदा आणि फेब्रुवारीत एकदा. युरिया किंवा ताजं शेण घातलंत तर झाड फुगतं, दिसतं छान, आणि पहिल्या पावसात फुटतं.

कूज, गोगलगायी आणि कापूस

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा प्रत्येक झाड बुडाशी बोटाने दाबायचं, हे मी चुकवत नाही. मऊ लागलं, किंवा रंग काचेसारखा पारदर्शक दिसला, की त्याच दिवशी उपटा. सुरी स्पिरिटने पुसून खालून काप घेत जा, प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसा. कापात मधे जी गोल कडी दिसते तिथे तपकिरी ठिपकासुद्धा उरता कामा नये, पूर्ण फिकट हिरवं-पांढरं दिसेपर्यंत कापत राहा. मग गंधकाची पूड लावा आणि दहा-पंधरा दिवस पडवीत वाऱ्यावर आडवं ठेवा. वरचं डोकं बहुतेक वाचतं.

कूज येऊ नये म्हणून सुपारीला मारतात तेच बोर्डो मिश्रण, मेअखेर एकदा आणि ऑगस्टच्या उघडिपीत एकदा. थोडंच हवं असेल तर दहा ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात, दहा ग्रॅम चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये, प्लॅस्टिकच्या बादल्यांत, आणि मोरचुदाचं पाणी चुन्याच्या पाण्यात हळूहळू ओतायचं. त्यात स्वच्छ लोखंडी कोयत्याचं टोक मिनिटभर बुडवा, तांबूस थर आला तर अजून चुना घाला. त्याच दिवशी संपवा.

गोगलगायी, त्यातही त्या मोठ्या आफ्रिकन, एका रात्रीत शेंडा खरवडून टाकतात. वाफ्याजवळ मीठ टाकू नका, ते मुळात जातं. संध्याकाळी ओलं गोणपाट पसरून त्याखाली पपईची पानं ठेवा, पहाटे बॅटरी घेऊन गोणपाट उलटा आणि सगळ्या गोळा करून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. हातात पिशवी घालूनच.

फड्यावर पांढरा कापूस दिसला तर चिमटीत चिरडून बघा, बोट लालभडक झालं तर ती कोचिनील कीड. १७९५ साली हिची एक जात इंग्रजांनी रंगाच्या धंद्यासाठी ब्राझीलहून भारतात आणली होती, रंग काही धड मिळाला नाही पण तिने फड्याची रानंच्या रानं फस्त केली. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा, मग कडुनिंबाचं तेल लिटरला पाच मिली आणि थोडा साबण, आठवड्याने पुन्हा. लाल रंग न येणारा कापूस म्हणजे पिठ्या ढेकूण, त्यालाही हेच.

दसरा

छप्पर एका दिवसात उतरवू नका. चार महिने मवाळ उजेडात राहिलेली झाडं आणि ऑक्टोबरचं ऊन, दुपारी दोन तासात चट्टा पडतो. दसऱ्याला कागद काढते आणि त्याच पाईपांवर पन्नास टक्क्यांचं शेडनेट टाकते, पंधरा दिवसांनी तेही निघतं. कागद धुऊन, पुसून, गुंडाळून माळ्यावर, मेमध्ये पुन्हा लागतो. वरची खडी एकदा हाताने उकरून शेवाळ धरलेली बाजूला काढा, धुवा, परत पसरा. या दिवसात परतीच्या पावसाच्या सरी येतात, त्या येऊ द्या, निचऱ्याचा वाफा असेल तर पाणी निचरून जातं. सरी थांबून आठ दिवस झाले आणि खडीखाली बोट घातल्यावर कोरडं लागलं की मग पहिलं पाणी, संध्याकाळी, आणि तेही अर्धंच.